घरपट्टीची माफी आणि एक साडी

भाऊबीज होऊन चार महिने झाले होते, राखीपौर्णिमा लांब होती, आणि अशा मधल्याच दिवसांत माझ्या भावाची साडी आली. कुरिअरनं. मोरपंखी रंगाची, बऱ्यापैकी काठाची. सोबत चिठ्ठी नव्हती. मी ती घडी मोडून पाहिली, परत घडी घातली आणि कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवली. याला काय पाहिजे असेल, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार. साडी छान आहे, हा दुसरा.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो लातूरला, मी लग्नापासून नांदेडला.

"अक्का, साडी भेटली का?"

"भेटली. काय काम हाय?"

"आता साडी पाठवायला काम असावं लागतं का?"

"तुझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. सणाबिगर कधी पाठवली न्हाईस म्हणून विचारलं."

तो हसला. खरं हसू आणि वेळ काढायचं हसू यांतला फरक मला फोनवरही कळतो. मग म्हणाला, "एक सही पायजे होती तुझी. आईच्या घराची घरपट्टी-माफी बंद झाली."

माफीची गोष्ट सांगायला हवी. आमचे वडील सैन्यात हवालदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लातूरला औसा रस्त्याच्या बाजूला चार खोल्यांचं घर बांधलं. माजी सैनिकाला एका घराची घरपट्टी माफ असते. घर त्याच्या नावावर पाहिजे आणि तो स्वतः त्यात राहत असला पाहिजे, एवढ्या दोन अटी. तो गेल्यावर माफी त्याच्या बायकोला मिळते, अटी त्याच. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आम्ही कुणीच कर विभागात जाऊन आईचं नाव लावलं नाही. आता तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की माफी एका वारलेल्या माणसाच्या नावावर चालू आहे, आणि त्यांनी पूर्ण घरपट्टीचं बिल पाठवलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

चूक आमची होती, आणि तिला कारण होतं फाटकाशेजारची संगमरवरी पाटी. तिच्यावर वडिलांचा हुद्दा आणि नाव कोरलेलं आहे. आई रोज सडा टाकताना ती पाटी ओल्या फडक्यानं पुसते. वडिलांचे दिवस झाल्यावर मी एकदा नाव बदलण्याचा विषय काढला होता, तेव्हा आई म्हणाली, "त्यांचं नाव काढायचं न्हाई." तिची समजूत अशी की कार्यालयात नाव बदललं की गवंडी येऊन पाटी फोडणार. ती समजूत मी दूर केली नाही, भावानंही केली नाही. खरं सांगायचं तर आम्हा दोघांना ते सोयीचं होतं. नावाचा विषय निघाला की पाठोपाठ हिश्श्याचा निघतो, आणि तो आमच्यापैकी कुणालाच आधी काढायचा नव्हता.

"कसला कागद हाय?" मी विचारलं.

"साधा. नाहरकत असते तसा. पाठवतो फोटो."

फोटो आला तो शेवटच्या पानाचा. खाली सहीची रेघ, तिच्यापुढं माझं नाव, बाजूला पेन्सिलनं केलेली फुली.

मी पंचवीस वर्षं नर्स आहे. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घ्यायचं काम माझ्याकडं असतं. मी माणसासमोर कागद धरते, पहिली पानं अंगठ्याखाली दाबून ठेवते, शेवटच्या पानावर बोट ठेवते आणि म्हणते, "इथं करा." शंभरातले पंच्याण्णव करतात. नियमानं आधी वाचून दाखवायचं असतं, आणि मी दाखवतेही. पण गर्दी असली की कसं दाखवते ते मला माहीत आहे. त्यामुळं कुणी मला शेवटचं पान आधी दाखवलं की मला त्याचा अंगठा कुठं आहे ते पाहावंसं वाटतं.

"सगळी पानं पाठव," मी लिहिलं.

सगळी पानं दुसऱ्या दिवशी आली, तीही हात हलून अस्पष्ट आलेली. मोठी करून पाहिली. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत 'हक्कसोडपत्र' लिहिलं होतं. खाली 'कायमचा', 'विनामोबदला', 'माझे वारस यांचा काही एक संबंध राहणार नाही' असे शब्द लागत होते. लिहून देणार म्हणून माझं नाव स्पष्ट होतं. आणि जिथं 'लिहून घेणार' अशी ओळ होती, तिथं फोटोत भावाचा अंगठा आला होता. नखासकट.

हक्क मी सोडायचा हे कळलं. कुणासाठी, ते त्या अंगठ्याखाली होतं.

आमच्याकडं बहिणीनं सही देणं हे नवीन नाही. मी सातवी-आठवीत असताना औशाजवळच्या गावच्या शेतावरून माझ्या दोन आत्यांची नावं कमी झाली. दोघींना तालुक्याला नेलं, एकीनं सही केली, एकीनं अंगठा दिला, दोघींना नवी लुगडी, घरी पुरणपोळी. दोघी हसतमुख होत्या. भांडण नाही, रडारड नाही. पुढच्या उन्हाळ्यात देगलूरची आत्या माहेरी आली आणि शेतातल्या झाडाची चिंच वेचताना तिनं माझ्या आईला विचारलं, "वहिनी, चार किलो नेऊ का?" त्याआधी ती कधी विचारत नव्हती. पोतं भरून न्यायची. आई म्हणाली, "अवं, विचारता काय?" पण तिनं विचारलं होतं, आणि ते मी ऐकलं होतं.

नवरा म्हणाला, "फोन करून सरळ विचार की, कुणाच्या नावानं करून राहिला म्हणून."

"फोनवर माणूस सावध असतो," मी म्हणाले. दोन दिवसांची रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्ताभर मी डोक्यात प्रश्नांची यादी करत होते आणि ती वाढतच होती.

लातूरला उतरून रिक्षानं थेट आईच्या घरी गेले. फाटकाला कुलूप. नुसतं कुलूप नव्हे, नवं कुलूप. वडिलांचं पितळी कुलूप मला बंद डोळ्यांनीही ओळखता येईल; हे चकचकीत, बाजारातून कालपरवा आणल्यासारखं. अंगणात पाला साचलेला. पाटीवर धूळ.

समोरच्या घरातल्या काकू बाहेर आल्या. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून त्या तिथं राहतात.

"अगं बाई, तू? तुला कळलं न्हाई का?"

वाक्य असं सुरू झालं की माझ्या कामात त्याचा एकच अर्थ होतो, माणूस गेलं. मी पिशवी खाली ठेवली.

"काय कळलं न्हाई?"

"आईला लेकानं नेलं की त्याच्याकडं. महिना होत आला."

"काल तर फोनवर मला म्हणाली, जेवून राहिले म्हणून."

"जेवतच असंल की. पण तिकडं." काकूंनी मला पाणी दिलं आणि न विचारता पुढचं सांगितलं. "मागल्या वेळी नळ आला तर मीच पाईप टाकून तुमची टाकी भरली. आठ-आठ दिवसांनी पाणी, वाया जाऊ द्यायचं का? आन् माणसं येऊन राहिली बघ. एकदा दोघं आले, टेप लावून बाहेरूनच मोजलं, कागदावर लिहून नेलं. मग आठवड्यानं दुसरे दोघं. त्यांच्यापाशी चावी होती. गच्चीवर गेले, पाय आपटून बघितलं."

"पाय आपटून?"

"हाव. असं." काकूंनी स्वतःच्या ओट्यावर पाय आपटून दाखवला.

घर विकायला निघालं आहे, हे मी त्या क्षणी ठरवून टाकलं. आई उचलली, कुलूप बदललं, गिऱ्हाईक आणलं, आणि बहिणीला साडी पाठवली. सगळं एका रेषेत बसत होतं. इतकं नीट बसत होतं की मला त्याचाही थोडा संशय यायला हवा होता. पण आला नाही.

भाऊ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. दार भावजयीनं उघडलं. मला पाहून तिनं आधी मागं वळून पाहिलं आणि मग "या अक्का" म्हणाली. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, मांडीवर ताटात डाळ, निवडत होती. गुडघा सुजलेला मला दारातूनच दिसला.

"कधीपासून?" मी गुडघ्याला हात लावत विचारलं.

"झाले की दिवस."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तू रागावतीस."

"इथं कामून आलीस?"

"पंधरा दिवसांचं म्हणून आणलं यानं. आता जिना उतराय येईना. वर आले ती वरच हाय." तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "घरी पाणी आलतं का गं?"

"काकूंनी भरलं."

"पाटी कोण पुसतंय?"

मी विचारलं, "कशावर सही केलीस का?"

"अजून न्हाई. तुझी झाल्यावर माझी घ्यायची म्हणला."

दुपारी भाऊ जेवायला आला. त्याचं शेतीच्या औजारांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हाताला ग्रीसचा वास असतो. मला पाहून तो दचकला, आणि मग दचकला नाही असं दाखवण्यासाठी उगाच मोठ्यानं बोलू लागला.

"अरे वा, अक्का! सांगून यायचं ना, स्टँडवर आलो असतो."

"सांगून आले असते तर कुलूप दिसलं नसतं."

भावजयीनं भाकरी वाढली. पहिला घास घेऊन मी म्हणाले, "कागद आण."

"जेव तर आधी."

"जेवण होऊन राहिलं. कागद आण."

"अक्का, तू माझ्यावर संशय घेऊन राहिलीस का?"

"न्हाई. मी वाचून राहिले."

त्यानं आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद आणला. मी हात धुतला, पदराला पुसला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. आमच्या घरात असा कागद कुणी मोठ्यानं वाचलेला मला आठवत नाही. 'लिहून देणार' म्हणून दोन नावं होती, आईचं आणि माझं. 'लिहून घेणार' म्हणून एक. भावाचं.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"असं कसं?" भाऊ म्हणाला. "मी तर आईच्या नावानं सांगितलं होतं."

"कुणाला?"

"बाँडरायटरला. त्यानं हे काय लिहिलं?"

"तुम्ही वाचलं न्हाई का?" भावजयीनं विचारलं. मी भावाकडं न बघता तिच्याकडं बघितलं. ती खरंच विचारत होती, की माझ्यासाठी विचारत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. तिच्या हातातली भाकरी मात्र हातातच राहिली होती.

"माझंपण नाव सोडणाऱ्यात हाय का?" आईनं पलंगावरून विचारलं.

"हाय."

"मग मी कुठं ऱ्हायचं?"

भाऊ म्हणाला, "आई, तू इथं हायस की," आणि त्याच्या लक्षात आलं की हे उत्तर चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन बाँडरायटरकडं गेले. रजिस्ट्री ऑफिसबाहेर टेबल, त्यावर छत्री, कॉम्प्युटर, प्रिंटर. साठीचा माणूस. त्याला जराही लाज वाटली नाही.

"ताई, बहीण हक्क सोडती ती भावासाठीच. माय सोडती ती लेकासाठी. आमचा नमुना तयार असतो, नावं तेवढी बदलायची. इतकी वर्षं हे काम करून राहिलो, बहिणीनं मायच्या नावानं सोडलेलं मी एकदाबी लिहिलं न्हाई."

"पण यांनी तुम्हाला आईच्या नावानं सांगितलं होतं का?"

त्यानं भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत भावाकडं. "सांगितलं असंल. माणसं लई येतात."

साक्षीदार म्हणून असा माणूस शून्य. मी पुढं विचारलं नाही. तिथून आम्ही कर विभागात गेलो. टेबलापलीकडं एक तरुण बाई होती. तिनं फाईल काढली, बिल पाहिलं आणि सरळ भाषेत सांगितलं. माफी हवी असेल तर घर आईंच्या एकटीच्या नावावर पाहिजे. वारस म्हणून तुम्हा तिघांची नावं लागतील. मग तुम्ही दोघांनी तुमचे हिस्से आईंसाठी सोडायचे. मुलाच्या नावावर गेलं तर माफी कायमची संपली, कारण मुलगा सैनिकही नाही आणि सैनिकाची विधवाही नाही.

"मीपण सोडायचा?" भाऊ म्हणाला.

"हो, तुम्हीपण. दोघांनी."

ते 'मीपण' मी ऐकलं. माझ्या हक्काचा कागद इतके दिवस त्याच्या पिशवीत होता तेव्हा ती साधी नाहरकत होती. स्वतःचा निघाला तेव्हा त्याला प्रश्न विचारावासा वाटला.

"आणि आई तिथंच राहतात ना?" त्या बाईनं विचारलं. "आमची माणसं मोजणीला गेली तेव्हा कुलूप होतं. त्यांनी बाहेरूनच मोजलं. अर्ज आला की परत बघायला येतील."

म्हणजे बाहेरून टेप लावणारे दोघं हे. मग चावी घेऊन गच्चीवर पाय आपटणारे कोण? मी जिन्यात भावाला थांबवलं. सरकारी कार्यालयाच्या जिन्यात माणसं खरं बोलतात, निदान घरापेक्षा जास्त. तिथं बायको ऐकत नसते.

"गच्चीवर कोण गेलतं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण गेलतं?"

त्यानं कठड्यावर हात ठेवला. "कंत्राटदार. वरचा मजला पेलंल का, ते बघायला. फ्लॅटचा मालक उन्हाळ्यात खाली करा म्हणून राहिला. म्हणलं आपलंच घर हाय, वर दोन खोल्या टाकाव्या. कर्जाला बँक घर माझ्या नावावर मागते. मी विचारणारच होतो."

"कुणाला?"

"तुला."

"घर कुणाचं हाय?"

तो चोर नाही, हे मला माहीत होतं. आईला त्यानं रस्त्यावर काढलं नसतं. पण बाँडरायटरला त्यानं काय सांगितलं होतं, हे त्या जिन्यातही तो स्पष्ट बोलला नाही. कदाचित काहीच सांगितलं नसेल. बहिणीची सही म्हटल्यावर कागद आपोआप ज्या बाजूला वळतो त्या बाजूला तो वळू दिला असेल. त्याला काही करावं लागलं नाही, एवढंच.

नवा मसुदा तयार झाला. लिहून देणार आम्ही दोघं, लिहून घेणार आई. तो घेऊन आम्ही भावाच्या दुसऱ्या मजल्यावर आईकडं गेलो. आईनं तो हातात घेतला नाही. तिला सही येते, मोठ्या अक्षरातलं वाचता येतं, टाईप केलेलं बारीक जमत नाही. ती मला म्हणाली, "आधी तू वाच."

मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"आता तू," ती भावाला म्हणाली.

"आई, तेच हाय की. अक्कानं वाचलं ना."

"तिनं वाचलेलं तिचं. तू वाच."

तो वाचायला लागला. दुकानात बिलं वाचतात तसं, भरभर. आई आता डोळे उघडून त्याच्याकडं बघत होती. दुसऱ्या पानावर तिनं हात वर केला.

"थांब. तिच्या वाचण्यात इथं 'कायमचा' होतं. ते कुठं गेलं?"

भावानं कागद डोळ्यांजवळ नेला. ओळ सुटली होती. घाईत सुटली असेल. त्यानं परत वाचली, 'कायमचा' सकट. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसू दाबत होती असं मला वाटलं, आणि पहिल्यांदाच ती मला जरा बरी वाटली.

"पाटी काढावी लागंल का?" आईनं विचारलं.

"न्हाई. पाटी तुझ्या भिंतीवर. नोंद त्यांच्या वहीत. दोन्हींचा काही संबंध न्हाई."

"हे तीन वर्षांखाली कामून न्हाई सांगितलं मला?"

ती माझ्याकडं बघत होती, भावाकडं नाही. मी तिच्या गुडघ्याचा पट्टा सोडून परत बांधला. तो नीटच बांधलेला होता.

सहीच्या दिवशी मी नांदेडहून परत आले, मोरपंखी साडी नेसून. मुद्दामच. भाऊ आणि शेजारचा एकजण यांनी आईला खुर्चीवर बसवून खाली आणलं. रिक्षा रजिस्ट्रीकडं निघाली, तेव्हा वाटेत कापडाच्या दुकानाशी आई म्हणाली, "थांबव रे." मी उतरायला लागले तर म्हणाली, "तू बस." रिक्षावाल्याच्या हाताला धरून ती लंगडत आत गेली आणि कागदी पिशवी घेऊन आली. काय आहे ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण माझं लक्ष सगळा वेळ त्या पिशवीवर होतं, आणि भावाचंही.

आत नंबर लागला. फोटो काढले, बोटांचे ठसे घेतले. आधी मी सही केली. मग भावापुढं कागद सरकवला. त्यानं पेन हातात घेतलं आणि ते कागदापासून बोटभर वर थांबलं. मी माझ्या कामात असे थांबलेले हात पुष्कळ पाहिलेत. अशा वेळी आम्ही म्हणतो, "करा, काही होत नाही." मी म्हणाले नाही. आई त्याच्या हाताकडं बघत होती. टेबलामागचा कारकून म्हणाला, "भाऊसाहेब, मागं रांग हाय." भावानं सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बाहेर व्हरांड्यात आईनं पिशवी उघडली. आत टॉवेल आणि टोपी. बहिणींना साडी, बाप्यांना टॉवेल-टोपी, हा आमच्याकडचा आहेर. तिनं टॉवेल भावाच्या खांद्यावर टाकला, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी सरळ केली. रांगेतली माणसं बघायला लागली. छत्रीखालचा बाँडरायटर मोठ्यानं हसला.

"आजी, हे उलटंच झालं की!"

"उलटं कसं? सही देणाऱ्याला देतात. यानं दिली." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझी आलीच हाय की."

भाऊ टोपी न काढता रिक्षात बसला. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं तो स्वतःच हसला, आणि ते हसू मला खरं वाटलं. "दुकानात गिऱ्हाईक इचारतील, कुणाचं लगीन होतं म्हणून," तो म्हणाला.

"सांग, मायनं घर घेतलं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "वर खोल्या टाकायच्या तर मला येऊन इचार. मी न्हाई म्हणीन असं न्हाई. पण मला इचार."

त्याच दिवशी आई स्वतःच्या घरी परत गेली. तिथं जिना नाही, चार खोल्या जमिनीलगत, गुडघ्याला तेच बरं. मी संडासात हाताला धरायला दांडी बसवून घेतली, पोळ्या-भाज्यांना एक बाई लावली, काकूंना सांगून ठेवलं. काही दिवसांनी कर विभागाची माणसं आली. आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. स्वतः राहता का, त्यांनी विचारलं. आईनं त्यांना चुलीपर्यंत नेऊन भाजी शिजताना दाखवली. त्यांनी कागदावर खूण केली आणि पाटीचा फोटो काढून नेला. माफी परत सुरू झाली.

पण मला आठवतं ते घरी परतल्या संध्याकाळचं. भावानं फाटकाचं नवं कुलूप उघडून चावी आईच्या हातात दिली. आईनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि हात पुढंच ठेवला.

"दुसरी?"

त्यानं खिशातून दुचाकीच्या चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यातून एक सोडवली.

"तिसरी?"

"दोनच येतात, आई."

"तुझ्या बापानं जन्मभर कुलपं लावली. या कुलपाला तीन येतात."

तिसरी कंत्राटदाराकडं होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी निघायच्या आधी आईला म्हणाले, एक माझ्याकडं दे. तू पडलीस, फाटकाला आतून कुलूप असलं, कुणाला आत यावं लागलं, तर एखादी चावी बाहेर असावी. हे मी नर्स म्हणून सांगत होते आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

आईनं तिन्ही चाव्या एका दोऱ्यात ओवल्या होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी कागद वाचून घेताना भावाकडं बघत होती तसंच.

"तुला कशाला?" ती म्हणाली.